उजळणाऱ्या तलवारीची वायरिंग: शेंडा लाल का पडतो?

नवरात्रातल्या जिवंत देखाव्यातली देवी असो की चैत्रातल्या यात्रेत तगतरावावर, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या गाड्यावर, उभं राहणारं सोंग, तलवारीचं पातं आणि मूठ करणं त्या मानानं सोपं. अडतं ते वायरिंगपाशी. आणि बिघडलं की बहुतेक जण आधी प्रोग्रॅम उघडतात. माझ्या अनुभवात दोष प्रोग्रॅममध्ये क्वचितच निघतो. तो तारेत, जोडात नाहीतर व्होल्टेजमध्ये असतो, म्हणून पहिल्यांदा मल्टिमीटर हातात घ्यावा.

मी वापरतो ते साहित्य असं: स्लायडिंग खिडक्यांच्या कामातली २० × ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना ५ व्होल्टची डब्ल्यूएस २८१२बी एलईडी पट्टी (हिच्यातल्या प्रत्येक दिव्याचा रंग सिग्नलनं वेगळा ठरवता येतो), मीटरला ६० दिवे. पातं ७५ सेंमी, म्हणजे एका बाजूला ४५ आणि दोन्ही मिळून ९० दिवे. वरून २ मिमीचा पांढरा फोम, म्हणजे दिव्यांचे ठिपके न दिसता सलग उजेड दिसतो. मुठीत एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल), प्रोटेक्शन असलेलं टीपी ४०५६ चार्जिंग मॉड्यूल, ५ व्होल्ट करणारं एमटी ३६०८ बूस्ट मॉड्यूल आणि दिव्यांचा प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड, आर्डुइनो नॅनो. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला एलईडी पट्टीचं तांबं टेकलं तर थेट शॉर्ट, म्हणून खाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा, वीज न वाहणारा टेप) लावल्याशिवाय पट्टी चिकटवायची नाही. हा टेप, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) आणि हीट श्रिंक (तापवली की जोडावर आवळणारी नळी) मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं.

दोन्ही बाजू एकामागे एक जोडू नका. शेंड्यापाशी पट्टी वाकवली की तिथंच तडकते, आणि एक दिवा मेला की पुढचे सगळे मुके. मी नॅनोच्या एकाच पिनवरून दोन तारा काढतो, प्रत्येकीत पट्टीच्या तोंडाशी ४७० ओहमचा रेझिस्टर, आणि एकेक तार एकेका बाजूला. दोन्ही बाजू सारख्याच चालतात आणि एक बंद पडली तरी दुसरी प्रयोग निभावून नेते. पट्टीवरचा बाण मुठीकडून शेंड्याकडे हवा. प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यायचा. नॅनोऐवजी ईएसपी ३२ हा बोर्ड घेतला तर त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला किमान ३.५ लागतो. दिवे मनाला येईल तसे लुकलुकतात त्याचं कारण हेच. मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ आयसी टाकली की थांबतं.

आता करंट. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे ९० दिव्यांना ५.४ अँपिअर. मुठीतल्या एका सेलला हे झेपणारं नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये दिवे चालवणाऱ्या फास्टएलईडी लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) करंटची मर्यादा घालायची. इथं हमखास फसगत होते: एका पिनवर दोन पट्ट्या असल्या तरी प्रोग्रॅमला ४५ दिवेच माहीत असतात. १००० मिलिअँपिअर लिहिलं की प्रत्यक्षात २ अँपिअर जातात. ५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे १० वॅट, आणि बूस्टमधली घट धरली तर सेलमधून ३ अँपिअरच्या वर. तेवढ्यावर टीपी ४०५६ चं प्रोटेक्शन तुटतं. रंगीत असताना तलवार नीट, पांढरी केली की भप्पकन काळोख, असा दोष दिसला तर तो हाच. मर्यादा ५०० लिहा. २६०० एमएएचच्या चांगल्या सेलवर दीड तास निघतो आणि मंडपात उजेड पुरतो.

बूस्ट मॉड्यूल नवीन आणलं की थेट पट्टीला जोडू नका. त्याचं आउटपुट २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, एका क्षणात ९० दिवे राख. आधी रिकाम्या आउटपुटला मीटर लावा आणि पितळी स्क्रू डावीकडे फिरवत राहा. सुरुवातीचे बरेच फेरे काहीच हलत नाही, मॉड्यूल खराब आहे असं वाटतं. धीर धरा, मग आकडा उतरू लागतो. ५.० वर थांबा.

मंडळातली पोरं विचारतात, "भाऊ, शेंडा लाल का पडी राहिना?" लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज घसरलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतो, पांढऱ्याचा पिवळा होतो आणि मग लाल उरतो. फक्त शेंडाच लाल असेल तर घट पट्टीतल्या पातळ तांब्यात आहे. पूर्ण पातंच पिवळट असेल तर दोष मुठीत: स्विच, बूस्ट किंवा उतरलेला सेल. मल्टिमीटर लावायचा तो दिवे पांढरे पेटवूनच. दिवे बंद असताना दोन्ही टोकांना ५ व्होल्टच दिसतात आणि माणूस फसतो.

उपाय म्हणजे शेंड्याकडूनही प्लस-मायनस द्यायचं, ०.५ चौरस मिमीच्या मल्टिस्ट्रँड तारेनं. तिचा रोध मीटरला साधारण ०.०३५ ओहम, तर केसासारख्या ०.०८ चौरस मिमीच्या तारेचा ०.२१, म्हणजे सहापट. बारीक तार फक्त सिग्नलला. खेळण्यातला छोटा सरकता स्विचही काढून टाका, तो बहुधा ०.३ ते ०.५ अँपिअरचाच असतो. ३ अँपिअरचा रॉकर स्विच मुठीत आरामात बसतो.

तलवार फिरवल्यावर येणारा दोष डोळ्यांनीच ओळखता येतो. सगळं विझून खेळ पहिल्यापासून सुरू झाला तर पॉवर तुटली, बहुधा सेल-होल्डरची स्प्रिंग. तिथं टॅब, म्हणजे टोकांना धातूच्या पट्ट्या, लावलेला सेल घ्यावा, सेलवर थेट सोल्डरिंग करू नये. दिवे पेटलेलेच राहिले पण रंग गोठला, तर सिग्नलची तार तुटली. पॉवर असेपर्यंत हे दिवे शेवटचा रंग धरून ठेवतात. अमुक दिव्याच्या पुढं सगळं मेलं असेल तर शेवटचा पेटलेला आणि पहिला न पेटलेला, एवढे दोनच तपासा. जोड चकचकीत न दिसता धुरकट, दाणेदार दिसला तर ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डर नीट धरलेलं नाही. फ्लक्स लावून पुन्हा तापवा, पण ३ सेकंदांच्या आत, नाहीतर तांब्याचा ठिपकाच उखडून येतो.

पातं मुठीत शिरतं तिथं, परजेखाली (मुठीवरच्या आडव्या कडीखाली), तारांना सगळ्यात जास्त झटका बसतो. तिथं मी ठिबकच्या १६ मिमी नळीचा ५ सेंमी तुकडा घालतो, आतून तारा सैल वळण देऊन नेतो आणि न्यूट्रल सिलिकॉन भरतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यानं तांबं हिरवं पडतं. ग्लू गनही नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात बंद गाडीत तलवार राहिली की तो गोंद मऊ पडतो आणि जोड सुटे होतात. लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि आपल्याकडं पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं सहज होतं. प्रयोगाहून आलेली मूठ आधी गार होऊ द्या, चार्जिंग रात्री लावा.