समासातलं भांडण

वाचनालयातून आणलेल्या टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' या कादंबरीच्या समासात आज दोन वाचक भांडताना सापडले.

दुसऱ्या उपसंहाराच्या पहिल्याच पानावर कुणीतरी शिसपेन्सिलीनं लिहिलंय, 'गोष्ट संपली. पुढे नुसतं प्रवचन.' त्याखाली वेगळ्या, बारीक अक्षरात, 'यासाठीच तर एवढी पानं वाचली!' ते उद्गारचिन्ह इतकं दाबून काढलंय की पानाच्या मागच्या बाजूला बोटाला लागतं.

मी पहिल्या पार्टीतली. (कॉलेजात तो भाग सरळ गाळला आणि 'वाचली' म्हणून सांगत फिरले.) नताशा, पिएर या पात्रांना वाऱ्यावर सोडून लेखक इतिहास कोण घडवतो, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का, यावर बोलत सुटतो. टॉलस्टॉयच्या या तत्त्वज्ञान सांगण्यावर फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरसुद्धा वैतागला होता, तिथे माझं काय!

पण १८६९ मध्ये पुरी झालेल्या या कादंबरीच्या १८७३ च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयनंच चिंतनाचे बरेच भाग मजकुरातून उचलून परिशिष्टात टाकले होते. पुढे ते परत जागेवर आले. म्हणजे हे भांडण त्याच्याही घरात होतंच की.

आज चिकाटीनं बसले. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. मग ते आगगाडीचं उदाहरण आलं. इंजिन कशानं चालतं? एक खेडूत म्हणतो सैतानामुळे, दुसरा म्हणतो चाकं फिरतात म्हणून, तिसरा धुराकडे बोट दाखवतो. एकटीच हसले.

समासात अजून एका ओळीपुरती जागा आहे. पुस्तक वाचनालयाचं आहे, कळतंय मला. तरी लिहू का?