आमची वाटचाल : प्रेसनोट ते ब्लॉग, मुक्काम कोल्हापूर

ब्लॉग यायच्या आधी कोल्हापुरात जनसंपर्क म्हणजे काय काम असायचं, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. प्रेसनोट श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करायची, झेरॉक्स काढायच्या, फोटो जोडायचे आणि संध्याकाळच्या आत सगळ्या पेपरांच्या ऑफिसात पोचवायच्या. महिनाअखेर कात्रणं फुलस्केपवर डकवायची, कॉलम-सेंटिमीटर मोजायचे, जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि ‘एवढ्याची प्रसिद्धी झाली’ म्हणून तो आकडा बिलासोबत जोडायचा. हा हिशेब धरू नये असं जगभरच्या जनसंपर्कवाल्यांनी २०१० साली बार्सिलोनात ठरवलं. आम्ही तो त्याआधीच सोडला होता, पण कोल्हापूरचं कोण विचारतो!

ब्लॉगचं खूळ आमच्या ऑफिसात आणलं ते डीटीपी करणाऱ्या वहिनींनी. त्या पगारदार म्हणून आल्या आणि पुढे भागीदार झाल्या. श्रीलिपीचे फॉण्ट इंटरनेटवर चालायचे नाहीत, त्यातला मजकूर ब्लॉगवर टाकला की नुसती अक्षरांची खिचडी दिसायची. मग विंडोज एक्सपीच्या सीडीवरून भारतीय भाषांचा सपोर्ट चढवा, मंगल फॉण्ट येतो का बघा, मराठी टाइप करायचं बरहा सॉफ्टवेअर उतरवून घ्या. वहिनी पुढे इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड शिकल्या. कऱ्हाडचा ‘ऱ्ह’ नीट उमटेपर्यंत त्यांनी एकही ओळ बाहेर जाऊ दिली नाही. आजची पोरं मोबाइलवर बोलून टाइप करतात, त्यांना यातलं काय सांगणार?

ब्लॉगचं पहिलं गिऱ्हाईक कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले पंपवाले शेट. त्यांना दाखवायला नमुना तयार केला तो नेमका जुलै २००६ मध्ये. मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली होती आणि इंटरनेट कंपन्यांनी ज्यावर आमचा नमुना होता ते अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलेलं. शेटच्या केबिनमध्ये पान काही उघडेना. शेट म्हणाले, “सायेब, जे उघडतच न्हाई ते लोकं वाचणार कशी?” पण माणूस दिलदार. ब्लॉगस्पॉट पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांनी स्वतःच बोलावून घेतलं आणि एकच अट घातली : “जाहिरात नको. आमचा वाइंडिंगचा मिस्त्री बोलंल ते लिवा.”

तेच आमचं भांडवल ठरलं. मोटरीत तारांची वेटोळी (वाइंडिंग) भरणारे मिस्त्री बोलायचे, वहिनी टेप करायच्या. थ्री-फेजमधली एक फेज गेली की मोटर का जळते, रात्रीची लाइट आली की व्होल्टेज किती मिळतं, विहिरीचं पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा चालला तर पाणी गळू न देणाऱ्या सीलचं काय होतं. खाली प्रतिक्रिया आली की त्याच दिवशी मिस्त्रींना फोन. एकाने सील गळतं म्हणून चारचौघांत झाडलं, तेव्हा शेट म्हणाले, “काढून टाका.” वहिनींनी काढलं नाही. सिरियल नंबर विचारला, नवं सील पाठवलं आणि तेही तिथंच लिहिलं. त्याच माणसाने पुढे गावात आणखी पंप घ्यायला लावले. जनसंपर्क दिनाला, २१ एप्रिलला, व्यासपीठावरून ‘संवाद, संवाद’ करणाऱ्यांनी ही प्रतिक्रिया वाचावी.

मग पुण्याची एक एजन्सी कोल्हापुरात उतरली. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. ब्लॉग वाचायचं गूगल रीडर २०१३ च्या जुलैत बंद झालं, त्याचा दाखला देत ती मंडळी आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत सुटली की ब्लॉग मेला, आता लाइक मोजायचे. आमच्या सराफ गिऱ्हाइकासाठी त्यांनी हॉटेलात ब्लॉगरांना जेवू घातलं, भेटी दिल्या आणि कौतुकाचे लेख लिहवून घेतले. भेट मिळाल्याचा एका लेखात उल्लेख नाही. (अशी देवघेव सांगितलीच पाहिजे, हा जाहिरात मानक परिषदेचा स्वतंत्र नियम २०२१ मध्ये आला. आम्ही त्या जेवणापासून ओरडतोय.) सराफ गेले, मग बिल्डर गेला, मग दूधवाले. एवढ्यावर भागलं नाही. आमचे पंपाचे लेख उचलून त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या नावावर छापले, आणि तेही इतक्या घाईत की ‘शिरोलीच्या आमच्या टेस्ट बेडवर’ (म्हणजे पंप तपासायच्या जागेवर) हे शब्द तसेच राहिले! विचारलं तर म्हणाले, इंटरनेटवरचं सगळं सगळ्यांचं असतं.

ऑफिसचं भाडं थकलं. वहिनींनी पगार घेणं थांबवलं. शेट आले, वर्षाचा चेक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ब्लॉग बंद पडला तर मिस्त्री मला कारखान्यात बसू द्यायचा न्हाई.” तेवढ्यावर आम्ही तगलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. नदीकाठच्या मोटरी पाण्याखाली गेल्या. मिस्त्रींचा जुना लेख होता : बुडालेली मोटर लगेच चालू करू नका, खोला, धुवा, वाळवा, बेअरिंगचं ग्रीस बदला, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून वाइंडिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स निदान एक मेगाओहम दाखवतो का बघा, मगच स्टार्टर दाबा. तो लेख व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरला. प्रतिक्रिया इतक्या आल्या की वहिनी नातेवाइकांकडे बसून फोनवरून उत्तरं देत होत्या. लाइकवाल्यांनी त्या आठवड्यात काय केलं? पुराच्या फोटोवर गिऱ्हाइकाचा लोगो लावून ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’.

धंद्यात नव्याने येणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. ब्लॉगचं खातं गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर काढा आणि पासवर्ड दिल्याची सही घ्या. डोमेनचं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने फाडा. महिन्याला सगळ्या लेखांची एक्सपोर्ट फाइल, म्हणजे एकत्र प्रत, काढून दोन ठिकाणी ठेवा. लेखाला प्रेसनोटचा दर लावू नका, कारण प्रेसनोट दिली की काम संपतं आणि लेखाखाली प्रश्न वर्षानुवर्षं येतात.

मागे ते सराफ परत आले. एजन्सीशी वाजलं होतं, ब्लॉग तिच्या खात्यावर, कुलूप लागलेलं. जुने लेख हवे होते. आमच्याकडे ते सोडून गेले त्या महिन्यापर्यंतची फाइल जपून होती. वहिनी म्हणाल्या, देऊ नका. मी दिली. बिल लावलं, त्यात जुनी थकबाकीही धरली. चहा घेऊन, बघतो म्हणून गेले आहेत.