फेब्रुवारीतली पायपीट

कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवणारी आमच्या मंडळाची पदयात्रा जागतिक कर्करोग दिनाच्या, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या, जवळच्या रविवारी निघते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानापासून (आमच्या तोंडात गोल्फ क्लबच) सीबीएस, मेहेर, अशोकस्तंभ, आणि मग गंगापूर रोडने थेट सोमेश्वर. दीपप्रज्वलन, श्रीफळ, झेंडा हे सगळं दहा मिनिटांत उरकतं. नाशिकच्या त्या थंडीत भाषण ऐकत कोण उभं राहणार?

पावतीपुस्तक अकरा वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून सांगते: टी-शर्ट नेणारे आणि चालणारे यांचा ताळमेळ एकदाही बसलेला नाही. गेल्या वर्षी एका सोसायटीने चाळीस टी-शर्ट नेले आणि आले नऊ जण. त्यातले दोघे आनंदवल्लीच्या आधीच मिसळ खायला वळले आणि फोटोत मात्र पुढच्या रांगेत. पैसे भरले होते, तेव्हा बोलता येत नाही. पण विसरलेही नाही.

पावती फाडताना एक प्रश्न ठरलेला असतो: "संशोधनाला कशाला? एखाद्या गरीब पेशंटला द्या की!" पहिली दोन-तीन वर्षं मी नुसती हसायची. मग आमच्या डॉक्टरबाईंनी सोमेश्वरला नदीकाठी बसून सगळ्यांना व्हिनेगरची गोष्ट सांगितली. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये साध्या आरोग्यसेविकांना शिकवून गर्भाशयमुखाची तपासणी करवली. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, पातळ करून लावायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तो भाग पांढरा दिसतो. या तपासणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जाहीर झालं. "आता हे एका पेशंटला दिलेले पैसे म्हणायचे का?" बाईंनी विचारलं. तेव्हापासून मी पावतीबरोबर व्हिनेगरही सांगते. पुरुष मंडळी जरा अवघडतात, पण पाकीट काढतात.

शाळेच्या मुली डॉ. कमल रणदिवेंवर बोलतात. १९१७ साली पुण्यात जन्मलेली मुलगी मुंबईत कर्करोगावर संशोधन करते, देशातली पहिली ऊती संवर्धन (म्हणजे शरीरातल्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी करते. 'ऊती संवर्धन' पाशी दरवर्षी कुणी ना कुणी अडखळतंच, आणि मागून तिची आई शब्द पुरवते.

पण मी थांबते ती भाजीवाल्या मावशींसाठी. शेवटी, चहा होत आला की, ज्यांचे उपचार झालेत त्यांना बोलायला सांगतात. बहुतेक जण किती वर्षं झाली एवढंच सांगून खाली बसतात. मावशी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा पदर तोंडाला लावूनच उभ्या राहिल्या होत्या.

"मला तिथं इचारलं, नवं औषध तपासतोय, नाव घालू का. समजावून सांगितलं, मग म्या अंगठा दिला. घरी आल्यावर बाया म्हनल्या, तुझ्यावर प्रयोग केले गं. दोन गट केलते. माझ्या वाट्याला जुनंच औषध आलं."

"अरेरे, म्हणजे फुकटच की," मागून कोणीतरी म्हणालं.

"फुकट कसं? जुन्याशी तोलल्याबिगर नवं बरं का वाईट, कसं कळंल? तराजूला दुसरं पारडं लागतंच ना? मी त्या पारड्यात व्हते."

मग माझ्याकडे वळून, "ताई, माझा आकडा बी वहीत लागला ना?"

लागला, मावशी. दरवर्षी त्या हे सांगतात, शब्दही फारसे बदलत नाहीत, आणि दरवर्षी मला चष्मा पुसावा लागतो. पावती क्रमांक १ त्यांच्यासाठी राखून ठेवते: रुपये २१, सुट्टे, रुमालाच्या गाठीतून. यंदा गुडघ्यांमुळे आनंदवल्लीपासून चालल्या, त्याही नातीच्या खांद्यावर हात ठेवून. चाळीस टी-शर्टवाल्यांनी बघायला हवं होतं.

आता आभार, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल. पाण्याचे जार देणारे बेकरीवाले काका, पैसे न घेता टेम्पो आणणारा त्यांचा पुतण्या, चौकाचौकांत वाहतूक थोपवणारे पोलीस दादा, चहाचा मोठा टोप सांभाळणारी माझी जाऊ (साखर कमी पडली, तो दोष माझा), बॅनर बांधणारी कॉलेजची मुलं, रुग्णवाहिकेत सकाळभर जांभया देत बसलेला चालक, वाटेतला कचरा गोळा करत सर्वात शेवटी येणारे निवृत्त मास्तर. आणि जोड्यांची चिकटपट्टी, मलम, सुया, दोरा भरलेली पिशवी घेऊन चालणाऱ्या नर्सताई. त्यांचं नाव गेल्या वर्षी राहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत.

माईकवाल्यालाही धरा. दुपारी त्याचाच फोन आला होता, एक वायर सापडत नाही म्हणून. ती माझ्या पिशवीत निघाली.