सगळी भुतं कोकणातच का?

शनिवार, रात्री

मामेभावाशी आज पुन्हा वाजलं. त्याच्या मते 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) एवढा भीतीदायक सिनेमा झाला नाही आणि होणारही नाही. मी म्हटलं, भो, त्यातली ती टाळी बाजूला ठेव आणि मग बोल. डोळ्यांवर पट्टी बांधून टाळीच्या मागावर जायचा तो खेळ, आणि अंधारातून बाहेर आलेले ते दोन हात. तेवढ्यापुरता जेम्स वानला आपला सलाम. पण त्या भांडवलावर पुढे दुकानच थाटलं गेलं. २०१४ मध्ये बाहुलीचा 'ॲनाबेल' आला, २०१८ मध्ये 'द नन' आला. ननच्या सिनेमात कोणी कंदील घेऊन बोळात शिरलं आणि पार्श्वसंगीत बंद पडलं, की मी हेडफोनचा आवाज आधीच कमी करतो. पुढे काय होणार ते माहीतच असतं. याला घाबरणं म्हणत नाहीत, दचकणं म्हणतात. दचकायला कुकरची शिट्टीही पुरते.

हिंदीतला 'राज' (२००२) तर गाण्यांवर तरला. गोष्ट इंग्रजी सिनेमावरून उचललेली, आणि ती उचलतानाही सांडलेली.

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. 'तुंबाड' सुद्धा भयपट म्हणून डोक्यावर घेतलाय, गरजेपेक्षा जास्त. २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरात कोणी फारसं फिरकलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला. आता ज्याला त्याला तो आधीपासूनच आवडत होता! मलाही आवडतो. राही बर्वेंनी पाऊस असा दाखवलाय की बघताना अंगाला ओल येते. पण साखळदंडातली ती म्हातारी सोडली तर भीती कुठे वाटली? सोन्याला राखणाऱ्या हस्तर या शापित देवाची नाही वाटत. नायक विनायकरावाच्या हावरटपणाची किळस येते, आणि शेवटी वाईट वाटतं. तो लोभाचा सिनेमा आहे, फार चांगला आहे, पण दिवा मालवून झोपायला मला काही अडचण आली नाही.

शिवाय एक घरगुती तक्रार. तुंबाड कोकणात. २०२४ चा 'मुंज्या' कोकणात. टीव्हीवरचे 'रात्रीस खेळ चाले'तले अण्णा नाईकही कोकणातलेच. पिंपळावरचा मुंजा काय फक्त तिकडेच राहतो? आमच्या जळगावकडे गावच्या पिंपळाखालून मोठमोठे लोक आजही तिन्हीसांजेला पाय उचलून चालतात. पण कोकणाला आंबे, काजू आणि भुतं. आम्हाला केळी, भरीत आणि लोडशेडिंग. त्यात 'मुंज्या'तला मुंजा तर संगणकावर केलेला, उड्या मारणारा. लहान पोरं टाळ्या पिटतात. धंदा शंभर कोटींच्या वर गेला, त्याचा मला आनंद आहे, दिग्दर्शक आपला मराठी माणूस आहे. पण भीती? राहू द्या.

रविवार

दुपारी मायला 'गहराई' दाखवला. १९८० चा. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा, लेखनात विजय तेंडुलकर. श्रीराम लागू, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे, आणि मांत्रिकाच्या कामात अमरीश पुरी. एवढी माणसं असून हा सिनेमा विचारा दहा जणांना, नऊ जण म्हणतील, कोणता?

गोष्ट साधी आहे. बंगळुरूत राहणारा एक शिकलेला, देवाधर्माला न मानणारा माणूस गावाकडची वडिलोपार्जित जमीन कारखान्याला विकतो. ज्या राखणदाराने ती आयुष्यभर सांभाळली, त्याला आधी विचारतही नाही. नंतर कळवतो, आणि वर पैसे देऊ करतो. मग घरातली तरणी मुलगी वेगळ्याच आवाजात बोलायला लागते, आणि जे बोलते ते बापाला ऐकवत नाही.

ज्याच्या घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, असतो त्याला हा सिनेमा जास्त लागतो. मालकाचं वावर सालदार मालकापेक्षा जास्त ओळखतो. कोणत्या बांधाला पाणी फुटतं, कोणत्या कोपऱ्यात भुई चोपण, म्हणजे खारवट, आहे, हे त्याला विचारावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नवं साल ठरतं, आणि एखाद्या वर्षी मालक म्हणतो, यंदा नको, वावर एनए (बिगरशेती) करतोय. प्लॉट पडतात, दगड रोवले जातात, विषय संपतो. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक गावात घडलीय. 'गहराई'तली भीती तिथून येते. भूत हवेतून उतरत नाही, व्यवहारातून निघतं. लागूंचा चेहरा बघा, मुलगी बोलत असते आणि ते तिच्याकडे बघायचं टाळत असतात. आधी बुद्धीने, मग रागाने, मग थकून. अख्ख्या ननपटात असा एक चेहरा नाही.

माय मधेच एकदा बोलली, "पोरनी काय चूक? वावर तं बापनी इकं ना." एवढंच, आणि लसूण सोलायला लागली.

बुधवार

या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची, त्यामुळे पाणी द्यायला बारा वाजता केळीत जावं लागतं. केळीच्या बागेत बॅटरीचा उजेड चार झाडांपुढे जात नाही. वाळलेली पानं खोडाला लटकलेली असतात, वारा नसला तरी एखादं खरखरतं. तिथे उभं असताना 'लपाछपी' (२०१७) आठवतोच आठवतो. त्यात ऊस आहे, सगळीकडून सारखाच दिसणारा, आणि त्यात वाट चुकलेली गरोदर पूजा सावंत. विशाल फुरियांनीच पुढे तो हिंदीत 'छोरी' (२०२१) म्हणून केला, आणि लोकांना हिंदीच माहीत. मराठीतली उषा नाईक यांची तुळसाबाई ज्याने पाहिली नाही त्याने काय पाहिलं? इतक्या मायेने वाढणारी बाई इतकी भीतीदायक असू शकते! मुलींच्या गर्भाचं काय होतं, यावर तो सिनेमा उभा आहे. २०११ च्या जनगणनेत लहान मुलींचं प्रमाण घसरलेल्या जिल्ह्यांत आमचं जळगावही होतं, तेव्हा इथे तरी तो गल्लोगल्ली बघितला जायला हवा होता.

अभिनेत्री रेवतीचे दोन सिनेमे पाठोपाठ बघावेत, असं सगळ्यांना सांगत असतो. राम गोपाल वर्माचा 'रात' १९९२ चा, मल्याळम 'भूतकालम' २०२२ चा. मधे तीस वर्षं. पहिल्यात ती झपाटलेली मुलगी, दुसऱ्यात नोकरी आणि घरभाड्याच्या काळजीने खचलेली आई. दोन्हीकडे साधी मध्यमवर्गीय घरं, हवेली नाही की झुंबर नाही. वर्मांच्या 'भूत'चं (२००३) नाव सगळे घेतात, 'रात'चं कोणी घेत नाही. 'भूतकालम'मध्ये तर बराच वेळ भूत दिसतच नाही, फक्त आई आणि मुलगा एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

एक सिनेमा मात्र मला धड बघताच आला नाही: 'एक थी डायन' (२०१३). कोंकणा सेन शर्मा त्यात भारी आहे, मान्य. पण आमच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, कोणाचं मूल आजारी पडलं की एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. तिला मारहाण होते, गाव सोडायला लावतात. दाभोलकरांचा खून झाला तो त्याच वर्षी, आणि जादूटोणाविरोधी कायदा आला तोही त्याच वर्षी. पडद्यावर बाई खरोखरच डायन निघते आणि तिची वेणी कापली की सगळं ठीक होतं, हे बघून टाळ्या वाजवायला हात उचलत नाही. त्या बाईच्या बाजूने कॅमेरा लावा, भुताची गरजच पडणार नाही.

मामेभावाला हे सांगितलं तर म्हणतो, "तू सिनेमा बघतो का मोर्चा?"

असो. माझ्या डोक्यात एक सिनेमा आहे, तो कोणीतरी करा. वैशाख, दुपारचे दोन, पारा पंचेचाळीसला टेकलेला. गल्लीत चिटपाखरू नाही, दारं लोटलेली, पत्रे तडतडतायत. आमच्याकडे पोरांना रात्रीपेक्षा या वेळेची जास्त ताकीद असते. पूर्ण सिनेमा उन्हात, एकदाही अंधार नाही. निर्माता मिळाला तर तो आधी विचारेल, पाऊस कुठे घालायचा, आणि शूटिंग कोकणात करू या का?