मटकी संपली की दुकान बंद

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तांबडा-पांढराच आठवतो, आठवू दे, पण सकाळी साडेआठला तांबडा कोण पितं सांगा बरं. सकाळचं कोल्हापूर मिसळीवर चालतं. त्यातल्या रांगा लागणाऱ्या नावाजलेल्या मिसळी सोडून द्या, त्या सगळ्यांना माहीत आहेत. मी म्हणतोय ती मंगळवार पेठेतल्या एका बोळातली, जिथे बोर्ड नाही, गाडी लावायला जागा नाही आणि पत्ता विचारला तर "त्या तालमीच्या मागं जावा, फोडणीचा वास आला की आत वळा" एवढंच सांगतात.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन-चार बाकडी, पाण्याचं पिंप, भिंतीवर कॅलेंडर, संपलं. अशा लपलेल्या जागांबद्दल लोक फार हळवं होऊन बोलतात पण खरं कारण एकदम साधं आहे, भाडं नाही. जागा स्वतःची, कामाला मावशी, काका आणि मुलगा, मग बोर्ड कशाला, मेनू कशाला, आणि दिवसभर शटर उघडं ठेवायचं तरी कशाला. हाच गाळा मेन रोडवर असता तर भाडं निघावं म्हणून डोसा, पावभाजी, चायनीज सगळं ठेवावं लागलं असतं आणि मिसळ कुठेतरी कोपऱ्यात गेली असती.

इथलं सगळं वेळापत्रक मटकीच्या हातात. आज सकाळी आपल्यापुढे येते ती मटकी काल सकाळी भिजत घातलेली, रात्री फडक्यात बांधून ठेवलेली. उन्हाळ्यात मोड पटापट येतात, थंडीत ती सुस्तावते, मग ते गाठोडं उबेला ठेवायचं. म्हणजे आज किती लोकांना खायला मिळणार हे कालच ठरलेलं असतं. अकराच्या आसपास पातेल्याचा तळ दिसला की विषय संपला, मग तुम्ही पुण्याहून गाडी काढून आलेले असा नाहीतर आमदाराचे पाव्हणे असा. कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, एकवेळ वाढवता येतो, गरम पाणी ओतून मीठ-चटणी घालून, पण मोडाला घाई कशी करणार.

कटात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली घरची कांदा-लसूण चटणी. मिरचीचा रंग तेलात उतरतो म्हणून वर तो लालभडक तवंग, त्याला बिचकून "तेल बाजूला काढून द्या" म्हणणारे लोक असतात, मावशी त्यांना काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मग फरसाण-शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि सोबत पाव नाही, ब्रेडचे जाड स्लाइस. मुंबईच्या लोकांना हे जाम खटकतं, पण तो स्लाइस कटात बुडवला की घटाघटा पितो, पावाला ते जमत नाही (भांडायचं असेल तर आधी खाऊन या).

लवकर गेलं तर कट पातळ आणि कान गरम करणारा, उशिरा गेलं तर मंद आचेवर आटून दाट झालेला. मला उशिराचा आवडतो, पण उशिरा जाणं म्हणजे जुगार, तळ दिसलेला असला की उपाशी परत.

मागच्या खेपेला मुलगा आईला समजावत होता की डिलिव्हरी ॲपवर नाव टाकूया, घरबसल्या ऑर्डरी येतील, धंदा डबल होईल. मावशींनी कांदा चिरता चिरता मान पण वर केली नाही.

"आणि मटकी कोण भिजवणार, तुझा मोबाईल?"

पोरगं गप्प. त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही, उद्या तोच चालवणार आहे हे सगळं, पण मी पण गप्प बसलो, कारण माझा दुसरा कट अजून यायचा होता.