गच्चीवरचं भरताचं वांगं: सेल्फिंगचं अपडेट

मंडळी, जळगावच्या मावशीकडून आणलेल्या हिरव्या भरताच्या वांग्याचं अपडेट देतो. सेल्फिंग म्हणजे फुलाला त्याच्याच परागावर फळ धरवणं, त्यासाठी पिशवी बांधलेल्या फुलांना बऱ्यापैकी फळं धरलीत. फळ जरा धरलं की पिशवी काढतो आणि देठाला लाल लोकर बांधतो, म्हणजे बियांसाठी राखलेलं फळ कुणी भरताला तोडायला नको.

पिशवी का, तर वांगं स्वतःच्या परागावर फळतं हे खरंय, पण भुंगे शेजारच्या कुंडीतल्या काटेरी वांग्यावरून इकडे येतात आणि थोडंफार क्रॉस, म्हणजे दोन जातींची सरमिसळ, होतंच. बियाण्याच्या शेतीत यासाठी दुसऱ्या जातीच्या वांग्यापासून प्रमाणित (शेतकऱ्याला विकायच्या) बियाण्याला १०० आणि पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात) २०० मीटर अंतर सोडतात, गच्चीवर ते आणायचं कुठून? म्हणून उद्या उमलेल अशी फुगलेली कळी संध्याकाळी हेरायची आणि ऑर्गँझाची, म्हणजे पातळ जाळीदार कापडाची, पिशवी चढवायची.

आता पिशवीत भुंगा नाही, आणि वांग्याचे परागकोष उभे फाटत नाहीत, टोकाला बारीक भोकं असतात, मीठदाणीसारखी, हलवल्याशिवाय नीट सांडत नाही काही. भुंगा फूल धरून उडायचे स्नायू थरथरवतो तेव्हा पराग भसकन बाहेर येतो, मधमाशीला हे जमत नाही. मी सकाळी बॅटरीवरचा टूथब्रश देठाला दोन-तीन सेकंद लावतो. फुलाखाली काळा कागद धरा, फिकट पूड पडलेली दिसते, बघाच एकदा!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फूल कुठलं निवडायचं. भिंगातून बघा, काही फुलांत मधली दांडी परागकोषांच्या वर डोकावते, काहींत बरोबरीला असते, काहींत पार तळाशी दडलेली. पहिल्या दोन्ही प्रकारांना फळ धरतं, आखूड दांडीवाली बहुतेक गळतातच. फूलगळ म्हटली की लगेच फवारणी सुचवतात लोक, मला ते अजिबात पटत नाही, आधी गळलेली फुलं उचलून दांडी तर बघा. सगळी आखूड निघाली तर रोगबिग नाही, झाडावर फळांचा भार वाढला की अशी फुलं जास्त येतात.

लोकर बांधलेली फळं पार पिवळी पडेपर्यंत झाडावरच ठेवणार, हिरवी चकचकीत असताना काढली तर बी कच्चं निघतं. पुढच्या सीझनला याच बियांची रोपं लावून सगळ्यांना तशीच हिरवी फळं येतात का बघायचं, एखादं झाड वेगळं निघालं तर त्याची वांगी भाजीत, बियाण्यात नाही.