मोतीच्या वतीने केलेली सही

माझा कुत्रा मोती याच्या मानेखालच्या गाठी लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, आहेत हे कळल्यावर इथल्या विद्यापीठाच्या पशुरुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाच्या चाचणीचा पर्याय सुचवला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातील जनावरे उभी राहिली आणि मी मनातल्या मनात नकार देऊन मोकळा झालो.

त्यानंतर पाऊण तास त्या केवळ संमतिपत्र वाचून दाखवत होत्या. नेहमीचे उपचार मोतीला मिळणारच होते. त्यांच्या जोडीला नवे औषध मिळेल की तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, हे सोडतीने ठरणार होते आणि ते ना मला कळणार होते, ना त्यांना. कारण न सांगता मी त्याला केव्हाही बाहेर काढू शकत होतो, आणि रात्री तो माझ्याच घरी झोपणार होता. हे शेवटचे वाक्य मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. मुक्या जिवाच्या वतीने ‘नको’ म्हणण्याचा हक्क कोणीतरी कागदावर लिहून ठेवला आहे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

कुत्र्यांचा लिम्फोमा माणसांच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी बराच मिळताजुळता असतो आणि कुत्र्याचे आयुष्य लहान असल्याने औषधाचा गुण लवकर कळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्ये यासाठीच स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला.

कर्नाटकातल्या खानापूरहून दादाने विचारले, “कुत्र्यासाठी एवढा खर्च?” चाचणीतील औषधाचा आणि तपासण्यांचा खर्च चाचणी घेणारेच करतात, असे मी सांगितले, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे आधीच पाठवले आहेत, हेही त्याने न विचारता सांगून टाकले.

मात्र आपल्याकडे भारतात जनावरांना कोण विचारतो, असे इथे कोणी सुचवले की मला राग येतो. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला संसर्गाने होणारी कर्करोगाची गाठ झाली होती, तेव्हा तात्या तिला दर आठवड्याला पोत्यावर निजवून गुरांच्या दवाखान्यात नेत असत. तिथली चिठ्ठी कन्नडात असे, पण डॉक्टर सारे मराठीत समजावून सांगत. व्हिंक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी ती पूर्ण बरी झाली. आईच्या तुळशीशेजारी फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळणारे तेच औषध इथे मोतीच्याही उपचारांत आहे. त्या कुत्रीसाठी कोणी सही केली नव्हती, हे खरे. पण तिची नोंदही कुठे राहिली नाही, याची हळहळ मला आता वाटते.

मोतीचे खाणे, पिणे, फिरणे मी रोज वहीत लिहितो. आज डावीकडची गाठ बोटांना लहान लागली, तेही लिहिले आहे.